सी८वरचा उंट

बुद्धिबळाचा पट मांडल्याबरोबर काळ्याचा एक मोहरा अडचणीत असतो. वजिराच्या शेजारी, सी८ या घरात उभा असलेला उंट. हा उंट पांढऱ्या घरांवरून तिरका चालतो, आणि काळ्याची मधली प्यादी नेमकी पांढऱ्या घरांवरच येऊन बसतात. डी५, ई६, सी६, सगळी पांढरी घरं. म्हणजे काळा जितका नीट, जपून खेळायला बघतो, तितका त्याचाच उंट त्याच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून डाव सुरू केला की हा प्रश्न लगेच समोर येतो. गेली दीडशे वर्षं जगातल्या मोठ्या खेळाडूंनी त्यावर डोकं चालवलं आहे. त्यांच्या उत्तरांपैकी मला सगळ्यांत पटलेलं उत्तर म्हणजे स्लाव्ह डिफेन्स. आज त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

मी वसमत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की काही मुलं-मुली वर्गात थांबतात, सतरंजीवर रेक्झिनचे पट उलगडतात आणि आमचं बुद्धिबळ सुरू होतं. आमचा हिंगोली जिल्हा लोकांना हळदीमुळे माहीत आहे, औंढ्याच्या नागनाथामुळे माहीत आहे, हिंगोलीच्या दसऱ्यामुळे माहीत आहे. बुद्धिबळामुळे अजून नाही. शाळेत प्रशिक्षक येत नाही. पुस्तकं आहेत ती बहुतेक इंग्रजीत. अशा मुलांना डावाची सुरुवात शिकवायची तर ती पाठ करून घ्यायची नसावी, समजून घेता येणारी असावी. वीस-वीस चालींच्या याद्या त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. प्रत्येक चालीमागे एकच सरळ कारण असेल आणि ते कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, अशी सुरुवात त्यांना हवी. स्लाव्ह तशी आहे.

ज्यांनी लहानपणानंतर पटाला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उभ्या रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी असं एचपर्यंत नाव असतं, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ आकडे. पांढऱ्याचा वजीर डी१वर, काळ्याचा डी८वर. पांढरा पहिली चाल डी४ करतो, काळा डी५ करून समोर उभा राहतो. दुसऱ्या चालीला पांढरा सी४ करतो. आता काळ्याच्या डी५वरच्या प्याद्याला पांढऱ्याचं सी४वरचं प्यादं फुकट मारता येतं. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात.

हे प्यादं खरंच फुकट आहे का? नवीन मूल हमखास ते मारतं आणि मारल्यावर राखायलाही बघतं. पांढरा ई३ करतो, उंटाची वाट मोकळी होते. काळा बी५ करून सी४ला आधार देतो. पांढरा ए४ करून त्या आधारावर घाव घालतो. काळा सी६ने आधाराला आधार देतो. पांढरा बी५वरचं प्यादं मारतो, काळा सी६च्या प्याद्याने उलट मारतो. आणि मग पांढऱ्याचा वजीर डी१वरून एफ३ला येतो. तिथून त्याची नजर ई४, डी५, सी६, बी७ या रिकाम्या घरांवरून थेट कोपऱ्यातल्या ए८च्या हत्तीवर पडते. हत्ती वाचवायचा तर मधे घोडा नाहीतर उंट घालून तो गमवावा लागतो. एका प्याद्याच्या लोभात अख्खा मोहरा गेला. हा डाव मी मुलांना पटावर खेळून दाखवते, तेव्हा एफ३वर वजीर ठेवल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती फळ्यावर लिहून येत नाही.

प्यादं मारून नंतर शहाणपणाने सोडून देण्याची पद्धतही आहे आणि ती चांगली आहे. पण बहुतेकांना डी५वरचं आपलं ठाणं सोडायचं नसतं. ते राखायचं तर त्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार हवा. आधार दोन ठिकाणांहून मिळतो, ई६वरून किंवा सी६वरून.

ई६ केलं की डी५ भक्कम होतं, राजाच्या बाजूचा उंट बाहेर पडायला वाट होते, किल्लेकोट लवकर होतो. जुन्या जमान्यात हेच सर्वमान्य होतं. १९२७ साली ब्यूनस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात विश्वविजेतेपदाचे ३४ डाव झाले, त्यातले ३२ याच वळणाचे होते. पण ई६ केल्या क्षणी सी८चा उंट कोंडतो. त्याची बाहेर पडायची तिरकी वाट डी७, ई६, एफ५ अशी आहे, आणि ई६वर आपलंच प्यादं बसलं. त्या उंटाला कामाला लावण्यात काळ्याचा निम्मा डाव जातो.

सी६ केलं की डी५ला आधार तर मिळतोच, आणि उंटाची वाट उघडी राहते. आतून भिंतीला धीरा लावावा तसं ते सी६वरचं प्यादं डी५च्या पाठीशी उभं राहतं. पांढऱ्याने डी५वर मारामारी केली तर काळा सी६च्या प्याद्यानेच परत मारतो, मध्यभाग हातचा जात नाही. डी४, डी५, सी४, सी६. स्लाव्ह इतकाच आहे, बाकी सगळं यातूनच निघतं.

याची किंमत आहे आणि ती मुलांना आधीच सांगितली पाहिजे. सी६ हे वजिराच्या बाजूच्या घोड्याचं हक्काचं घर, ते प्याद्याने अडवलं. आता घोड्याला डी७वरून फिरून यावं लागतं. पुढे कधीतरी काळ्याला सी५ करून पांढऱ्याच्या मध्यभागाला धक्का द्यायचाच असतो, तेव्हा जे एका चालीत झालं असतं त्याला दोन चाली लागतात. स्लाव्ह खेळणारा थोडा वेळ देतो आणि त्या बदल्यात मोकळा उंट घेतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. उंटाची वाट मोकळी ठेवली, मग उंट लगेच बाहेर काढायचा का?

पटावर लावून बघा. तिसऱ्या चालीला दोघेही राजाच्या बाजूचा घोडा काढतात, पांढऱ्याचा एफ३ला, काळ्याचा एफ६ला. चौथ्या चालीला पांढरा दुसरा घोडा सी३ला आणतो. इथे सातवीतली एक मुलगी ताडकन उंट एफ५ला नेऊन बसवायची. ‘मॅडम, तुम्हीच म्हणलात ना, उंट बाहेर काढायचा म्हणून.’ तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, वेळ चुकत होती. पांढरा डी५वरचं प्यादं मारतो, काळा सी६च्या प्याद्याने परत मारतो, आणि पांढऱ्याचा वजीर बी३ला येतो. एकदम दोन ठिकाणी आग. डी५वर पांढऱ्याच्या घोड्याची नजर होतीच, आता वजिराचीही पडली. आणि बी७वरचं प्यादं उघडं पडलं, कारण त्याची राखण करणारा सी८चा उंटच घर सोडून गेला आहे. वजीर बी६ला आणून सामना करावा तर पांढरा घोड्याने डी५ खातो, आणि काळ्याने बी३वर वजीर मारला तर पांढरा आधी एफ६वरचा घोडा मारून शह देतो, मग ए प्याद्याने वजीर परत घेतो. प्यादं गेलंच. बी६ करून बी७ वाचवावं तर राजाच्या आसपासची पांढरी घरं पोखरली जातात. मोठे खेळाडू अशा वेळी उंट निमूट सी८ला परत आणतात, म्हणजे दोन चाली वाया.

त्या मुलीला मी उत्तर दिलं नाही. ‘उंट जायच्या आधी पांढऱ्याचं काय नाहीसं व्हायला पाहिजे?’ एवढंच विचारलं. पुढच्या शनिवारी ती आली आणि पटावर बोट ठेवून म्हणाली, ‘सी४चं प्यादं. ते मारलं की डी५ला कुणी मारणारच नाही, कारण डी५वर आपलं काही उरतच नाही.’

हाच स्लाव्हचा मुख्य मार्ग आहे. चौथ्या चालीला काळा सी४वरचं प्यादं मारतो. आधी हे मारणं लोभाचं होतं, आता का चालतं? कारण सी६ आणि एफ६चा घोडा आधीच जागेवर आहेत, आणि बी५ची धमकी खरी आहे. पांढरा ती थांबवायला ए४ खेळतो. मगच उंट एफ५ला जातो. आता वजीर बी३ला येऊच शकत नाही, सी४वरचं काळं प्यादं त्याला मारेल. सहाव्या चालीला पांढरा ई३ करतो, काळा ई६. उंट बाहेर गेल्यावर ई६ केलं, म्हणून कोंडमारा नाही. सातव्या चालीला पांढरा उंटाने सी४वरचं प्यादं परत घेतो आणि काळा दुसरा उंट बी४ला आणून बसवतो.

या बी४कडे नीट बघा. पांढऱ्याने ए४ केल्यामुळे ए३ करून त्या उंटाला हाकलायला आता प्यादं उरलेलं नाही. पुढे गेलेलं प्यादं मागे येत नाही. शिवाय तो उंट बी रांगेत बरोबर मधे उभा आहे. वजीर बी३ला आलाच तरी त्याची बी७कडची वाट बंद. चौथ्या चालीला ज्या दोन गोष्टींनी घात केला असता, त्या दोन्ही सातव्या चालीपर्यंत मिटल्या. पांढऱ्याला मध्यभागी जागा जास्त आहे, तो पुढे ई४ करायला बघणार. काळ्याकडे एकही लंगडा मोहरा नाही, तो सी५ किंवा ई५ करायची वेळ साधणार. संगणक पांढऱ्याला किंचित बरं म्हणतो, आणि ते किंचितच असतं.

गावातले जुने खेळणारे देशी पद्धतीने खेळतात. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आपल्यासारखा किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. डाव सावकाश उभा राहतो, आणि प्याद्याने मात केली तर तिचं कौतुक वेगळंच. मारुतीच्या पारावर बसणाऱ्या एका आजोबांना मी स्लाव्हची मांडणी दाखवली. त्यांनी सी६ आणि ई६ची प्यादी बघितली, बाहेरचे दोन्ही उंट बघितले आणि म्हणाले, ‘बाई, हे तर आपल्याच वळणाचं खेळणं हाय. आधी घर बांधायचं, मग भांडायला निघायचं.’ मला ते खरं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉकरेन या स्कॉटिश खेळाडूशी महेशचंद्र बॅनर्जी खेळत, तेही मध्यभागी आधी घाई न करता, उंट कोपऱ्याकडून रोखून. त्यांच्याच खेळावरून ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव जगभर गेलं. स्लाव्ह त्या कुळातला नाही, स्वभाव मात्र जुळतो.

गणिताच्या शिक्षिकेला मॅक्स युवे यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. हे डच गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत गणित शिकवत. १९३५ साली त्यांनी त्या काळच्या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या अलेखाइनला ३० डावांच्या सामन्यात साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असं हरवलं आणि विश्वविजेते झाले. तो सामना नेदरलँड्सच्या वेगवेगळ्या गावांतून फिरत खेळला गेला, आणि त्यात स्लाव्ह पुन्हा पुन्हा पटावर आला. पुढे हेच युवे १९७० ते १९७८ जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते.

दुसरं नाव माझ्या जास्त जवळचं आहे. मोल्दोव्हातल्या किशिनेव्ह शहरात व्याचेस्लाव चेबानेन्को नावाचे प्रशिक्षक होते. सोव्हिएत बुद्धिबळाची मोठी केंद्रं मॉस्को आणि लेनिनग्राड, तिथून हे गाव लांब. त्यांनी स्लाव्हमध्ये चौथ्या चालीला ए६ ही दिसायला अगदी क्षुल्लक चाल रुजवली. मुद्दा तोच, बी७चा. ए प्यादं एक घर सरकलं की हत्तीला ए७ हे घर मिळतं. उंट बाहेर गेल्यावर वजिराने बी७वर हल्ला केला तर हत्ती ए७ला येऊन राखण करतो. शिवाय बी५ करायची सोय होते. त्यांचा शिष्य व्हिक्टर बोलोगान ग्रँडमास्टर झाला आणि त्याने या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आज जगातले पहिल्या फळीतले खेळाडू ही चाल खेळतात. आपल्याकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून भाग्यश्री साठे यांच्यासारख्या खेळाडू घडवल्या, तेव्हा सांगली काही मुंबई नव्हती. एका गावात एक माणूस चिकाटीने बसला तर काय होतं, ते या दोन ठिकाणी दिसतं.

भक्कम सुरुवात म्हणजे बरोबरीची भीक, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. २००८च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या बॉन शहरात विश्वनाथन आनंद आणि व्लादिमिर क्रामनिक यांचा विश्वविजेतेपदाचा सामना झाला. तिसऱ्या डावात काळे मोहरे घेऊन आनंद सेमी-स्लाव्ह खेळला, म्हणजे सी६ आणि ई६ दोन्ही. सी८चा उंट पुन्हा कोंडला गेला असं वाटावं. पण आनंदने सी४वरचं प्यादं मारून बी५ केलं, मग सी प्यादं पुढे ढकलून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण उघडला आणि चौदाव्या चालीला, बी५वरचं प्यादं सोडून देऊन, तो उंट बी७ला ठेवला. तिथून त्याची नजर थेट पांढऱ्याच्या राजाच्या अंगणात. सोळाव्या चालीला हत्ती जी८ला आणून उघड्या जी रांगेवर लावला. तो डाव आनंद जिंकला. पाचव्या डावात पुन्हा काळ्याकडून तोच मार्ग धरला आणि पुन्हा जिंकला. सामना साडेसहा विरुद्ध साडेचारने आपल्याकडे आला. पटावरचा सगळ्यांत अडलेला मोहरा क्रामनिकला सगळ्यांत महागात पडला.

हल्ली मुलं मोबाइलवरून येतात ती ‘लंडन सिस्टिम’ शिकून. पांढऱ्याने डी४ करायचं आणि लगेच दुसऱ्या चालीला सी१चा उंट एफ४ला काढायचा, मग ई३. नीट पाहिलं तर तो हाच प्रश्न आहे, पांढऱ्याच्या बाजूने: प्याद्यांनी दार लावण्याआधी उंट बाहेर. २०२३च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात डिंग लिरेनने सहावा डाव याच पद्धतीने नेपोम्नियाच्चीकडून जिंकला, आणि २०२४ला सिंगापूरमध्ये गुकेशविरुद्धही सहाव्या डावात तो हेच खेळला. तो डाव बरोबरीत सुटला. लंडन चांगलीच आहे. माझी हरकत एवढीच की मुलं समोर कुणी काहीही खेळलं तरी त्याच चाली यंत्रासारख्या करतात. स्लाव्हमध्ये तसं करता येत नाही. समोरच्याने कोणती चाल केली यावर उंट आत्ता जाणार की थांबणार हे ठरतं, आणि मुलाला प्रत्येक वेळी बी७कडे बघूनच निर्णय घ्यावा लागतो.

काही पांढरे खेळाडू तिसऱ्याच चालीला डी५वर मारामारी करून दोन्ही बाजूंची सारखी मांडणी करतात. ते बहुधा बरोबरीच्या तयारीनेच आलेले असतात. तिथे घाबरायचं कारण नाही. घोडे काढा, उंट वेळेवर काढा, किल्लेकोट करा, आणि सी रांगेत हत्ती आधी कोण आणतो ते पाहा.

२०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून जिंकली आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांची मुलगी, आपल्या महाराष्ट्रातली. त्यानंतर आमच्या शाळेतल्या मुली स्वतःहून पट मागायला यायला लागल्या. त्यांना मी पहिल्या आठवड्यात चार चालींत मात शिकवत नाही. ती एकदा दोनदा चालते, तालुक्याच्या स्पर्धेत समोरच्याला माहीत असली की उलटते, आणि मूल हिरमुसतं. सी४ला सी६ शिकलेलं मूल हरतं तेव्हा पंधरा-वीस चाली खेळून, काहीतरी कळून हरतं.

शाळांमधल्या शिक्षकांना आणि घरी पट पडून असलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. ही सात चालींची स्थिती एकदा मांडा: डी४ डी५, सी४ सी६, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा सी३ आणि सी४वरचं प्यादं मारा, ए४ उंट एफ५, ई३ ई६, उंटाने सी४ आणि काळ्याचा उंट बी४. मोबाइल बाजूला ठेवा. मुलाला एकदा पांढरं द्या, एकदा काळं, आणि तिथून पुढे खेळा. प्रत्येक चालीला ‘का?’ एवढंच विचारा आणि उत्तर त्याच्याकडूनच येऊ द्या.